राणीच्या झग्याची झालर

माझ्या आत्याला थिएटरातले सगळेच आत्या म्हणतात, अगदी मालकसुद्धा, आणि ते तिच्यापेक्षा वयाने मोठे आहेत. खरी भाची मी एकटी. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे जे काही झालं त्यात माझा हक्क कुणी विचारातच घेतला नाही.

आत्या थिएटरचे कपडे शिवते. रंगमंचाच्या मागे, लाकडी जिन्याखालून वाकून गेलं की तिची खोली लागते. खिडकीशी पायाचं शिलाई मशीन, भिंतीला लागून कापणीचं लांब टेबल, छताखाली आडवा बांबू आणि त्यावर टांगलेले राजे, चोर, पोस्टमन आणि भुतं. काम करताना आत्या तोंडात टाचण्या धरते आणि तशीच बोलते. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून मला त्यातलं थोडंफार कळतं, त्यामुळे हे मला बघवत नाही. तिला सांगितलं तर म्हणते, "टाचण्या दातात आहेत. जीभ मोकळी आहे ना?"

या खोलीत आत्याने एक बिऱ्हाड पाळलं होतं. त्याची सुरुवात अशी झाली, की खिडकीवर वाकलेल्या बदामाच्या फांदीवरून एक हिरवीगार, अंगठ्याएवढी जाड अळी टपकन टेबलावर पडली, ती नेमकी राजपुत्राच्या मखमली कॉलरवर. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. आत्याने गळ्यातली टेप काढली आणि अळीची लांबी घेतली. मग कंबर घेतली. अळीने पुढचं अर्धं अंग वर उचललं, मान आत घेतली आणि ती तशीच ताठ बसून राहिली. "माप द्यायला अशी उभी राहणारी एकही नटी मला आजवर मिळाली नाही," असं आत्या म्हणाली आणि तिथेच तिचं प्रेम जडलं.

रानातल्या रेशमाचा पतंग होता तो. मला त्याच्याबद्दल जे माहीत आहे ते सगळं आत्याने माझ्या कानीकपाळी ओरडून माहीत करून दिलेलं आहे. अंड्यातून बाहेर पडलेली अळी आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते आणि मग पानांकडे वळते. खाते म्हणजे किती, तर फांदीखाली उभं राहिलं की कुरकुर ऐकू येते. अंगावरचं कातडं घट्ट झालं की ते उतरवून टाकते आणि आत नवं, सैल तयार असतं. आत्याला या गोष्टीचा फार हेवा वाटायचा. "शिंप्याशिवाय चाललंय बघ सगळं," असं ती प्रत्येक वेळी म्हणायची. कावळ्यांनी अळ्या उचलू नयेत म्हणून तिने परीच्या जुन्या झग्याची जाळी उसवून फांदीला पिशवी शिवली होती. खालून बघणाऱ्याला वाटायचं, झाडावर परी अडकली आहे.

पोट भरलं की अळी कोष विणते, पण आधी देठ करते. डहाळीभोवती रेशमाचं घट्ट कडं, त्याला दोरीसारखा देठ, आणि देठाला लोंबणारा टणक, राखाडी कोष. पतंग निघून गेला की रिकामा कोष उरतो, टोकाला भोक आणि वर आयतं कडं. शिंपिणीला आणखी काय हवं? आमच्या थिएटरच्या सगळ्या चोरांच्या डगल्यांना कोषांच्या गुंड्या आहेत.

आणि पतंग स्वतः? तळहाताएवढा. पंखांवर चार गोल, पारदर्शक ठिपके, जणू घराला खिडक्या. पण त्याला तोंड नाही. म्हणजे आहे नावाला, पण त्याने खाता येत नाही, पिता येत नाही. जे खायचं ते अळी असतानाच खाऊन झालेलं असतं. आता जेमतेम आठवडाभर जगायचं आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा. मादी जागची हलत नाही, नुसती बसून वास सोडते. तो आपल्याला येत नाही. नराच्या पिसांसारख्या मिशांना मात्र तो कुठच्या कुठे येतो आणि तो धावत सुटतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले, तोंड नाही म्हणजे आमच्या दवाखान्याच्या उपयोगाचा नाही. आत्या म्हणाली, "तोंड नाही म्हणूनच वेळ फुकट घालवत नाही."

हे ती बोलली तेव्हा खोलीत अंधारकाका बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

अंधारकाका थिएटरचे दिवे सांभाळतात. नाव अंधार, कारण दिवे काय, कुणीही लावेल. योग्य क्षणी सगळे एकदम विझवायचे आणि प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पाडायचा, ही त्यांची खासियत. इतक्या वर्षांत त्यांचा अंधार कधी चुकला नाही. माणूस एकटा, घर थिएटरच्या मागच्या भिंतीपलीकडे, आणि बदामाचं झाड त्यांच्या अंगणातलं. फांदी आत्याच्या खिडकीवर आपोआप वाकली असं ते सांगतात. मी ती फांदी पाहिली आहे. तिला तारेने ओढून बांधलेलं आहे.

त्यांचं आत्यावर प्रेम होतं हे पडदा ओढणाऱ्याला माहीत होतं, तिकीटवाल्या बाईंना माहीत होतं, समोरच्या चहावाल्याला माहीत होतं. आत्यालाही माहीत होतं. फक्त अंधारकाकांच्या तोंडाला कुलूप. रोज संध्याकाळी खेळाआधी यायचे, कोवळ्या पानांची जुडी टेबलावर ठेवायचे, स्टुलावर बसायचे आणि घंटा झाली की उठायचे. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं म्हणतात. मला तर त्या सोन्याचा रागच यायचा. आत्याला एकदा विचारलं, तूच का विचारत नाहीस? ती म्हणाली, "मी जागेवर बसलेली आहे. आणखी काय करायचं?"

तर असं भिजत घोंगडं पडलेलं असताना मालकांनी जाहीर केलं, की आता कपडे भाड्याने आणायचे. चालू नाटक संपलं की कपड्यांची खोली बंद. आत्या त्या खोलीच्याच पोटमाळ्यावर राहायची, म्हणजे राहण्याचीही पंचाईत. बातमी ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले आणि मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू? माझ्या चौथ्या मजल्यावरच्या घरात एक खोली उगीच रिकामी पडलेली. लहानपणी आई कामावर गेली की मला सांभाळायला आत्या यायची, आणि तेव्हापासून तिने माझ्या घरी राहावं एवढीच माझी इच्छा. मी खोलीला रंग दिला, मशीनसाठी खिडकीजवळ जागा केली, पडद्याचं कापड आणलं. आत्या हो म्हणाली. अंधारकाका स्टुलावर होते. त्यांनी पानांची जुडी उगीचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एवढंच.

शेवटचं नाटक राणीचं होतं. राजा युद्धावर गेलेला, राणी तळ्याकाठी वाट बघते आहे, आणि शेवटच्या प्रवेशात धुक्यातून राजा परत येतो. आत्याने राणीला मोरपंखी पायघोळ झगा शिवला. पण राणीबाई चालायच्या तरातरा. झगा मागे उडायचा आणि खाली त्यांचे खेळाचे पांढरे बूट दिसायचे, कारण गुडघ्यामुळे त्यांना दुसरं काही घालता येत नव्हतं. झग्याच्या घेराला वजन हवं होतं. पितळी कड्या लावल्या तर खुळखुळ वाजायच्या. गोट्या लावल्या तर राणीच्याच पायाला लागायच्या.

मग आत्याने कोषांच्या टोपलीतले काही झोपलेले कोष काढले. रिकामे नव्हेत, भरलेले. ते जड असतात आणि वाजत नाहीत. कडी आयतीच होती. तिने घेराला त्यांची झालर लावली आणि झगा असा पडला की मालक म्हणाले, आता कुठे राणी वाटते. मी म्हणाले, आत्या, हे उठले तर? ती टाचण्यांमधून म्हणाली, "हवा ओली झाल्याशिवाय उठत नाहीत गं ते. महिनेच्या महिने झोपतात. पावसाला अवकाश आहे. नाटक संपलं की उसवीन आणि तुझ्याकडे घेऊन येईन."

हिशेब अगदी बरोबर होता. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडे. शेवटच्या प्रवेशाला धुकं हवं म्हणून अंधारकाकांनी स्वतः यंत्र बनवलं होतं: पाण्याचं पिंप, खाली हीटर, वर पंखा आणि त्यातून निघालेली जाड रबरी नळी. हे पिंप ठेवायला त्यांना अख्ख्या थिएटरात एकच जागा सापडली. कुठली ते सांगायला नको. विंगेत जागा नाही असं कारण दिलं, आणि मग पाणी तापलं का हे बघायला तासातासाला यायचे. आत्याच्या खोलीत ढग उतरले. भिंती घामेजल्या, टाचण्या गंजल्या, भुतांच्या टोप्या मऊ पडल्या. आत्या म्हणायची काय छान ऊब आहे. एकाने खोलीत पावसाळा केला, दुसरीने त्यात कोष टांगून ठेवले, आणि दोघांच्याही डोक्यात काही शिरलं नाही. प्रेमात माणसं मठ्ठ होतात म्हणतात ते उगीच नाही.

शेवटच्या खेळाच्या संध्याकाळी मी आत्याचं सामान आवरायला गेले. तिची मोठी कापडी बॅग भरून, पट्टा आवळून टेबलावर ठेवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. आत्या पडलेल्या चेहऱ्याने इस्त्री करत होती. मी बांबूकडे बघून म्हणाले, "या भुताच्या टोपीला पिसं कधी लावलीस?"

आत्याने वर पाहिलं. टोपीवर तांबूस, चार खिडक्यांचा पतंग बसला होता. पोस्टमनच्या पिशवीवर आणखी एक. चोराच्या पाठीवर दोन. सगळे मिशांवरून नर. टोपलीत बघतो तर निम्मे कोष टोकाला ओले आणि भोकं पडलेले.

"म्हणजे झालर," आत्या म्हणाली.

झगा काल रात्रभर याच खोलीत टांगलेला होता. आणि आत्ता तो अंगावर घेऊन राणी तळ्याकाठी उभी होती. आम्ही विंगेकडे धावलो. मी धावताना दार बंद केलं नाही. ही चूक म्हणायची का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

रंगमंचावर निळा उजेड, गुडघाभर धुकं, आणि राणीच्या झग्यावर पाठीमागे, बरोबर खांद्याखाली, पिवळसर रंगाची भलीमोठी मादी पंख पसरून बसलेली. कालच केव्हातरी बाहेर पडून, वर चढून, पंख वाळवून तयार झाली असणार. राणीला पत्ता नव्हता. राणीबाईंना पंखवाल्या कशाचीही भीती. एकदा चिमणी आत शिरली म्हणून त्यांनी अख्खा खेळ थांबवला होता.

मग माझ्या कानाजवळून काहीतरी फडफडत गेलं. भूत सोडून पहिला नर निघाला होता. त्याच्यामागे पोस्टमनचा. मग चोरांचे. मग टोपलीतले उरलेले. धुक्यातून गिरक्या घेत, खाली येत, वर जात, ते राणीभोवती फिरायला लागले. राणी "परत या" म्हणत होती. तो संवाद होता, पण आवाज भलत्याच पट्टीत गेला. प्रेक्षकांना वाटलं नवी करामत, त्यांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात राजा आला. त्याने तोंड उघडलं आणि एक पतंग त्याच्या दाढीत बसला. राजा तसाच उभा राहिला. राणीने त्याच्याकडे बघून डोळे मिटले. मला हसू आवरेना, तोंडावर हात दाबून मी विंगेच्या कापडात शिरले.

आत्या सरळ रंगमंचावर गेली. कामाचा अॅप्रन, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. राणीच्या मागे दासीसारखी वाकली, मादीपुढे बोट धरलं. अंड्यांनी जड झालेली मादी उडत नाही, ती सावकाश चालत बोटावर आली. आत्याने तिला आपल्या खांद्यावर ठेवलं आणि राणीला हलकेच पुढे ढकललं. राणीबाई त्या खेळाच्या बुटांत जे पळाल्या, ते बघायला त्यांचा गुडघ्याचा डॉक्टर हवा होता. राजाही दाढीसकट त्यांच्यामागे गेला.

आणि सगळे नर आत्याकडे वळले.

ती निघून यायला हवी होती. मी विंगेतून हातवारे करत होते. पण ती मधोमध थांबली. तिच्या केसांभोवती, हातांभोवती, टेपभोवती ते फिरत होते आणि ती हसत होती, टाचण्या सांभाळत, लहान मुलीसारखी. माझ्या आत्याला मी असं कधीच पाहिलं नव्हतं. ती किती सुंदर आहे हेही मला तेव्हाच कळलं, आणि उद्या ही माझ्या चौथ्या मजल्यावर काय करणार, हा प्रश्नही तेव्हाच पहिल्यांदा पडला.

इथे अंधार व्हायचा होता. नाटकाचा शेवट तोच. पडदा ओढणारा दोरी धरून अंधाराची वाट बघत होता. अंधार झाला नाही. निळा उजेड तसाच राहिला, आणि आत्यावर एक मंद पिवळा दिवा हळूच चढला. मग प्रेक्षागृहाच्या बाजूच्या जिन्यावर चपलांचा आवाज आला. अंधारकाका आपली दिव्यांची केबिन सोडून खाली येत होते. लोकांच्या पुढून, पायऱ्या चढून, ते रंगमंचावर आले. जन्मात कधी तिथे उभे राहिले नव्हते. धुक्यात त्यांचे पाय दिसत नव्हते, फक्त घामेजलेलं कपाळ दिसत होतं.

"जाऊ नका," ते म्हणाले.

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आत्याने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि अॅप्रनला टोचल्या. मी हे दृश्य त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"वर दिव्यांजवळ कोण आहे?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"मग आधी जाऊन बंद करा. उजेडात यांचं जमत नाही."

अंधारकाका वळले, पायऱ्या उतरले, जिना चढले. तेवढा सगळा वेळ अख्खं थिएटर माना वळवून त्यांच्याकडे बघत होतं. मग त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात उशिराचा अंधार झाला आणि टाळ्या थांबेचनात. लोक बाहेर पडताना म्हणत होते, शेवट बदलला ते बरं केलं. मालक कुणालाच काही बोलले नाहीत, कारण तिकीटवाल्या बाईंकडे लोक पुढच्या खेळाचं विचारत होते आणि पुढचा खेळ नव्हता. आत्याने मात्र अंधारकाकांना उत्तर दिलं नव्हतं. मी त्या आशेवर घरी गेले.

सकाळी गाडी घेऊन आले, तर आत्या टेबलाजवळ हाताची घडी घालून उभी. बॅगेच्या पट्ट्यावर, कप्प्यावर, चेनवर चपट्या, तपकिरी ठिपक्यांच्या रांगा. जोडी बॅगेवरच जमली होती आणि मादीने अंडी घालायलाही तीच जागा पसंत केली होती. अजूनही घालत होती.

"आता ही बॅग उघडता येणार नाही," आत्या म्हणाली.

"मी खरवडून काढते. दवाखान्यात रोज दातांवरचं कीटण काढतो आम्ही."

"फुटतील."

"मग अशीच नेऊ."

"चौथ्या मजल्यावर बदामाची पानं कुठून आणणार? बाहेर पडल्या पडल्या भूक लागते त्यांना."

"मग इथेच राहू दे."

"इथे कुलूप लागतंय ना आज."

प्रत्येक उत्तर तिच्याजवळ तयार होतं. मला रडू यायला लागलं होतं आणि रागही. दारात अंधारकाका उभे होते, हातात पानांची जुडी. ती कशाला आणली होती देव जाणे, अंडी काही पानं खात नाहीत.

"आमच्या व्हरांड्यात जागा आहे," ते म्हणाले. "झाडाखालीच."

"बॅगेला?" आत्याने विचारलं.

त्यांनी जुडी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं झालं, परत कुलूप लागलं. मी मनात म्हणाले, बोला हो, बोला. त्यांची भाची असल्यासारखी म्हणाले.

"दोघींना," ते म्हणाले.

आम्ही तिघांनी मिळून ती बॅग नेली, पाण्याने काठोकाठ भरलेलं घंगाळ न्यावं तशी. पुढे अंधारकाका, मागे आत्या, आणि मधे चेनवरच्या अंड्यांना हात लागू नये म्हणून मी. मागच्या दारातून, भिंतीला वळसा घालून, झाडाखालच्या व्हरांड्यात. माझ्या घरी जायला निघालेलं सामान मी माझ्याच हाताने तिथे पोहोचवलं. मादी पुढच्या काही दिवसांत तिथेच पट्ट्यावर गळून पडली. आत्याने तिला गुंड्यांच्या डब्यात ठेवलं. अळ्या निघाल्या तेव्हा मला बोलावणं आलं. मी तोंड फुगवून गेले आणि पानं खाण्याची ती कुरकुर ऐकत दिवसभर राहिले.

आत्याचं मशीन आता व्हरांड्यात असतं. टाचण्या पुन्हा तोंडात. मी माझ्या रिकाम्या खोलीसाठी घेतलेलं पडद्याचं कापड तिच्याकडेच शिवायला दिलं, मुद्दाम, तिला लागावं म्हणून. तिला लागलं. पडदा देताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला, पण बोलली काहीच नाही. अंधारकाकांकडून शिकली असणार.

घरी येऊन पडदा लावला. छान पडला. खालच्या कडेला, बाहेरच्या बाजूने, देठाच्या कड्याने एक कोष टांगलेला होता. मी तो तळहातावर घेऊन बघितला. जड होता.

त्याला खायला काही लागणार नाही, पानंही नकोत. हवा ओली राहावी म्हणून मी त्या खिडकीत पसरट भांड्यात पाणी भरून ठेवलं आहे. रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी बदलते.